बेचाळीस मुली आणि मठाची विहीर

या नाताळ अंकाच्या संपादिका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, तुमच्या सेवेविषयी लिहा, नव्या सिस्टरांना काहीतरी घेण्यासारखं मिळेल. मी त्यांना तिथेच सांगितलं की माझ्या आयुष्यातली लिहिण्यासारखी वर्षं दोनच, आणि त्यांच्या शेवटी मला त्या कामावरून हलवण्यात आलं होतं. त्या म्हणाल्या, तेच लिहा. तेव्हा यातून कुणी काही घेतलं आणि पुढे अडचणीत आलं, तर दोष संपादिकांचा.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मला नगरच्या आमच्या कॉलेज-मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन नेमलं. मी तिशीतली होते. नेमणुकीच्या पत्रात कामाचं वर्णन एका ओळीत होतं: मुलींच्या आत्म्यांची काळजी घेणे. शहराच्या कडेला माळावर बांधलेली कौलारू लांबट इमारत, एका टोकाला फाटक, फाटकाशेजारी माझी खोली. लष्कराचे रणगाडे सरावाला निघाले की खिडक्यांची तावदानं थरथरायची. मुली बेचाळीस. निम्म्याहून अधिक कॅथलिक, नेवासा, राहुरी, शेवगाव तालुक्यांतल्या मिशनच्या गावांमधून आलेल्या. बाकीच्या हिंदू आणि तीन मुसलमान, त्यातल्या दोघी मिरजगावच्या सख्ख्या बहिणी. पोरगी सिस्टरांकडे आहे म्हटलं की बापाला झोप लागते, अशी आमची ख्याती होती.

लोकांना वाटतं वॉर्डनचं काम म्हणजे कुलूप आणि घंटा. कुलूप लावायला दोन मिनिटं लागतात. खरं काम बसण्याचं. दुपारी कॉलेज सुटल्यावर मी खोलीचं दार उघडं ठेवून काहीतरी शिवत बसायची. मग एखादी दारात येऊन डोकेदुखीची गोळी मागायची. गोळी देऊन तिला वाटेला लावलं तर वॉर्डन नापास. गोळी शोधायला वेळ लावायचा. डबा उघडायचा, बंद करायचा, कुठे ठेवली कोण जाणे म्हणायचं. तेवढ्यात ती खुर्चीवर टेकते आणि मग कळतं की डोकं दुखत नाहीये, घरून लग्नाचं पत्र आलंय, किंवा वर्गातल्या कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केलीय. संध्याकाळी हॉस्टेलच्या प्रार्थनेच्या खोलीत सगळ्या जमायच्या. कॅथलिक मुली जपमाळ म्हणायच्या, इतरांनी पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं. ज्यांच्यावर सक्ती नव्हती त्याच आधी येऊन बसायच्या.

एक काम मात्र माझ्या मनाला लागायचं. मुलींना आलेली पत्रं वॉर्डनने उघडून वाचायची, असा नियम होता. पहिलं वर्ष मी तो पाळला. पुष्पा नावाची राहुरीकडची एक मुलगी होती. हुशार, थोडी अबोल. तिला एका मुलाचं पत्र आलं. पत्रात वाईट काही नव्हतं, पण मुलाचं होतं. नियमाप्रमाणे मी तिच्या वडिलांना कळवलं. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि तिला घेऊन गेले. पंधरा दिवसांत तिचं लग्न झालं. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की तो तिच्या आत्याचा मुलगा, पुण्याला शिकत होता, आणि तिला अर्थशास्त्राच्या नोट्स पाठवायचा, एवढंच. खूप वर्षांनी श्रीरामपूरच्या स्टँडवर पुष्पा दिसली, कडेवर एक आणि हाताशी एक मूल. "बऱ्या आहात ना सिस्टर?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती गाडीत चढली. तिने मला काही बोलायला हवं होतं. ती बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

पुष्पा गेल्यावर मी एकही पत्र उघडलं नाही. मदरना तसं सांगितलं. मदर म्हणजे आमच्या मठाच्या प्रमुख, मंगळूरच्या, उंच, शुद्ध पुस्तकी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी कपाळाला आठी घातली. माझ्या नावापुढे पहिली खूण तेव्हा पडली असावी.

मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्या दुष्काळाविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, मी फक्त हॉस्टेलचं सांगते. दिवाळीनंतर आमच्या विहिरीत बादली टाकली की गाळ यायचा, नाताळात तोही येईना. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या मुली नाक मुरडत आणि नंतर न मुरडता खायच्या. गावोगाव दुष्काळी कामं निघाली होती. खडी फोडायची, तलाव खोदायचा, हजेरीच्या मस्टरवर ज्याचं नाव त्याला मजुरी. मुलींच्या आया त्या मस्टरवर होत्या. एक एक बाप फाटकाशी येऊ लागला.

जानेवारीत शांतवन आले. सलोमीचे वडील. नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातले, हडकुळे, टोपी हातात धरून बोलणारे. सलोमी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मुलींची पुढारी होती. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. शांतवन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "शिस्टर, पोरीला न्यायला आलोय. तिची आय अंथरुनाला खिळलीय. मस्टरवर तिच्या जागी सलोमी बसंल."

मी म्हटलं, परीक्षा तीन महिन्यांवर आहे. ते म्हणाले, ते मला बी ठावं हाय. मी सलोमीला बोलावून तिच्यासमोर विचारलं, तुला जायचंय का? ती नाही म्हणाली आणि रडू लागली. शांतवननी मला सरळ विचारलं, "मंग आमी खावं काय?"

पुष्पाला जाऊ दिलं होतं, हिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, सलोमीच्या आईला उद्या इथे घेऊन या, आमच्या दवाखान्यात खाट आहे, ती बरी होईपर्यंत तिची काळजी आमच्यावर. पण सलोमी परीक्षेला बसणार. मदरना न विचारताच मी खाट देऊन टाकली. शांतवन उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. दोन दिवसांनी बैलगाडीतून आईला घेऊन आले. मी जिंकले असं मला वाटलं. मस्टरवरच्या जागेचं काय झालं, हे मी विचारलं नाही. ते पुढे येईलच.

जानेवारीच्या अखेरीस मदरनी मला बोलावलं. टेबलावर लिहिलेला हुकूम होता. हॉस्टेल आठ दिवसांत बंद करायचं, मुलींनी घरून अभ्यास करावा, परीक्षेपुरतं यावं. मदर दुष्ट नव्हत्या, हे मला आधी सांगू द्या. हॉस्टेलला लागून असलेल्या मठाच्या आवारात एक जुनी खोल विहीर होती आणि तिला पाणी होतं. त्या पाण्यावर दवाखाना होता आणि पाळणाघरातली तीस टाकलेली मुलं होती. मदरच्या मनात ती तीस मुलं होती.

मी म्हटलं, या मुली घरी गेल्या तर परत येणार नाहीत. अर्ध्या खडी फोडायला बसतील, अर्ध्यांची लग्नं होतील. मठाच्या विहिरीतून दर मुलीला रोज एक बादली द्या. मदर म्हणाल्या, विहीर मठाच्या आत आहे, तिथे बाहेरच्यांनी पाऊल टाकायचं नाही, आणि पाणी उद्या आटलं तर त्या बाळांना काय सांगायचं?

"मदर, मी विहीर मापली आहे. पुरेल."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर मी चुकले असं होईल. पण मी हॉस्टेल बंद करणार नाही."

आम्ही तीन व्रतं घेतो. दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य मला कधी जड गेलं नाही. तिसरं आज्ञापालनाचं. त्या खोलीत ते मी मोडलं, शुद्धीवर असताना, वरिष्ठांच्या तोंडावर. 

हॉस्टेल आणि मठ यांच्या मधल्या भिंतीत एक छोटं दार होतं. मला मठातल्या चॅपलला जाता यावं म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे असायची. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी ते दार उघडलं आणि बेचाळीस मुली बादल्या, हंडे, कळशा घेऊन एका रांगेत मठात शिरल्या. सलोमी रहाटावर उभी राहिली. सिस्टर प्रार्थनेहून परतत होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या. मदर व्हरांड्यात आल्या. शेवटची बादली भरेपर्यंत उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि पुण्याला आमच्या प्रोव्हिन्शियलना, म्हणजे त्यांच्याही वरिष्ठांना, पत्र लिहिलं. ते पत्र पोचलं तेव्हा प्रोव्हिन्शियल दक्षिणेच्या दौऱ्यावर होत्या. त्या येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांसाठी मी देवाचे आणि रेल्वेचे सारखेच आभार मानले आहेत.

आम्ही नियम केले. एका मुलीला एक बादली, अंघोळ एक दिवसाआड, कपडे आठवड्यातून एकदा, केस पंधरा दिवसांनी. कॉलेजच्या मुलींना केसांचं सांगणं सगळ्यांत अवघड होतं. सलोमीने पहिल्यांदा स्वतःची वेणी कात्रीने अर्ध्यावर आणली, मग मिरजगावच्या दोघी बहिणींनी. पुढे तक्रार कुणी केली नाही. रोज सकाळी मी दोर सोडून पाणी किती खाली गेलं ते मापायची आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी मदरच्या दाराखालून सरकवायची. त्यांनी एकाही चिठ्ठीला उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी ट्रॅक्टर फाटकात शिरला. ट्रॉलीत पाण्याची दोन मोठी पिंपं. सोनईचे एक बागायतदार, विजया नावाच्या मुलीचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, मोठा आवाज, माझ्याशी मात्र नेहमी अदबीने वागायचे. मी त्यांना खोलीत बसवलं, पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं आणि म्हणाले, "सिस्टर, आमच्या हिरीला अजून पानी हाय. हे आनलंय. फक्त विजयापुरतं. वेगळं ठेवा, झाकून."

मी म्हटलं, आबा, पाणी टाकीत जाईल, सगळ्यांचं होईल. ते म्हणाले, तसं न्हाई जमायचं. मग थोडं घुटमळून, आवाज खाली आणून त्यांनी खरं कारण सांगितलं. पोरीने पत्रात लिहिलं होतं की रहाट सलोमी ओढते. कुठल्या वस्तीतली मुलगी पाणी शेंदते ते त्यांनी चौकशी करून काढलं होतं. मला म्हणाले, तुमी देवमानूस हाय, तुमाला ह्या गोष्टी कळायच्या न्हाईत.

मला कळत होत्या. जन्मापासून कळत होत्या. मी म्हटलं, "आबा, तुम्ही आत्ता प्यायलात ते पाणी मी शेंदलेलं आहे. आणि माझं माहेर शेवगाव तालुक्यातल्या महारवाड्यात आहे."

आबांच्या हातात अजून रिकामा पेला होता. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, कडेला नाही, बरोबर मधोमध. झगा घातला की जात दिसत नाही, आणि इतकी वर्षं मीही ती दाखवली नव्हती. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. विचारू नये अशा बेताने मी वावरत आले होते. त्या दिवशी मला माझीच थोडी लाज वाटली आणि पुष्कळ मोकळं वाटलं.

मी पुढे म्हटलं, पाणी टाकीत ओता, किंवा परत न्या. पोरीला न्यायचं असेल तर तीही तुमचीच आहे. आबा बाहेर आले. विजया व्हरांड्यात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. गोल चेहऱ्याची, घाबरट मुलगी, वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी. ती ट्रॉलीजवळ गेली, सलोमीच्या हातातला हंडा घेतला, पिंपाच्या तोटीखाली धरला आणि भरून तिला परत दिला. बापाकडे तिने बघितलं नाही. आबांनी ड्रायव्हरला हाक मारली, मला वाटलं आता पिंपं आणि पोरगी दोन्ही जाणार. ते म्हणाले, ओत टाकीत. एवढं बोलून ते फाटकाबाहेर चालत गेले आणि ट्रॅक्टरची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले.

परीक्षेपर्यंत दर आठवड्याला तो ट्रॅक्टर आला. आबा स्वतः पुन्हा कधी आले नाहीत. ही गोष्ट मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं माणूस बदलला. मला तसं म्हणवत नाही. शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात त्यांनी विजयाचं लग्न लावून दिलं, निकालाची वाटही पाहिली नाही. पाणी दिलं, पोरगी शिकवली नाही. दोन्ही त्यांनीच केलं आणि दोन्ही मी लिहून ठेवते.

मार्चमध्ये, उपवासकाळात, प्रोव्हिन्शियल आल्या. त्यांनी दोन दिवस सगळ्यांचं ऐकलं. विहिरीत पाणी होतं, कमी झालं होतं पण होतं. पाळणाघरातलं एकही मूल तहानलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या की प्रश्न पाण्याचा नाही, आज्ञेचा आहे. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. परीक्षा होईपर्यंत हॉस्टेल चालू राहू द्यायचं त्यांनी ठरवलं, पण संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी सगळ्या सिस्टरांसमोर गुडघे टेकून मदरची माफी मागायची.

मी गुडघे टेकले. माफी मागितली नाही. म्हटलं, मदर, मी तुमचा हुकूम मोडला, त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण मुलींना पाणी दिलं त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि चॅपलमध्ये मी खोटं बोलणार नाही. गुडघे दुखायला लागले तरी मी उठले नाही, कारण उठ असं कुणी म्हणत नव्हतं. शेवटी मदरच पुढे आल्या, त्यांनी माझ्या कोपराला धरून मला उभं केलं आणि म्हणाल्या, "जा, मुलींच्या जेवणाची वेळ झाली." पुढे वीस-बावीस वर्षं आम्ही वेगवेगळ्या मठांत भेटत राहिलो. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

बेचाळीसपैकी एकेचाळीस मुली परीक्षेला बसल्या. एकीचं लग्न फेब्रुवारीतच झालं, ते मला थांबवता आलं नाही. सलोमी इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरात पुन्हा बसून सुटली आणि पुढे शाळेत शिक्षिका झाली. मे महिन्यात माझी बदली झाली, शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, मिशनच्या स्वयंपाकघरात. त्यानंतर मला हॉस्टेल कधीच दिलं नाही. मी चांगली वॉर्डन होते. हे दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते.

आता ते राहिलेलं. स्वयंपाकघरात येऊन वर्ष झाल्यावर सलोमी भेटायला आली, तेव्हा सहज बोलता बोलता कळलं. तिची धाकटी बहीण मार्था आठवीत होती. आई आमच्या दवाखान्यात आणि सलोमी पुस्तकांपाशी, तेव्हा मस्टरवरच्या जागेवर वय वाढवून मार्थाचं नाव घातलं होतं. दुष्काळ संपला, पण मार्था शाळेत परत गेली नाही. शांतवननी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांच्या पोरीने दिलं होतं आणि मी जिंकले म्हणून मिरवत होते.

वीस वर्षांनी एक बाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आली. रापलेली, ताठ, सोबत सतरा-अठराची मुलगी आणि एक पत्र्याची पेटी. तिने नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं, चेहरा सलोमीचा होता. मुलगी बारावी पास झाली होती, नगरला कॉलेजात नाव घातलं होतं, हॉस्टेलमध्ये जागा मिळत नव्हती. मार्था म्हणाली, "तवा तुमी ताईला ठिवून घेतलं. मला कुनी इचारलं न्हाई. आता हिला घ्या."

मी एप्रन काढला आणि पहिल्या गाडीने त्यांच्याबरोबर नगरला निघाले. नवी वॉर्डन तरुण होती, सभ्य होती. यादी जूनमध्येच भरली होती. एकाही खोलीत जादा खाट बसणार नाही, तसा नियम आहे, असं तिने मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, बरं. आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मार्था आणि तिची मुलगी शेजारी बसल्या, पेटी पायाशी. वॉर्डनने चहा पाठवला, आम्ही प्यायलो. जेवणाची घंटा झाली, तेव्हा मी तीन ताटं मागितली. दुपारी ती पुन्हा आली आणि जरा अजिजीने म्हणाली, "सिस्टर, तुम्ही किती वेळ बसणार?"

"हिची पेटी आत जाईपर्यंत," मी म्हटलं.

ती आत गेली. पुण्याला फोन झाला असणार, कारण बराच वेळ कुणी आलं नाही. चारच्या सुमाराला दोन मुली आजाऱ्यांच्या खोलीतली लोखंडी खाट उचलून व्हरांड्यातून घेऊन गेल्या. वॉर्डनने येऊन मार्थाच्या मुलीचं नाव विचारलं आणि रजिस्टरात लिहिलं.

पेटीची एक कडी मुलीने धरली, दुसरी मार्थाने. दोघी आत गेल्या. बऱ्याच वेळाने मार्था एकटी बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, पदराने तोंड पुसलं.

"खोलीला लई मोठी खिडकी हाय, शिस्टर," ती म्हणाली.